विष निघालं, हे कशावरून?

परवा सूनबाईने 'शरीरातलं विष बाहेर काढणारी' पावडर मागवली. डब्यावर वनस्पतींची नावं भरपूर, पण कुठली किती ते नाही. मला १९८५चं भोपाळ आठवलं.

२ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडमधून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. शवविच्छेदन करताना डॉ. हीरेश चंद्र यांना मृतांचं रक्त चेरीसारखं लाल दिसलं; त्यांना सायनाइडची शंका आली. त्यावर उतारा सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन. पण ते द्यावं की नाही, यावर डॉक्टरांतच जुंपली. आमच्या काउंटरवर खोकत आलेले खातेदार विचारायचे, "बाबूजी, सुई लगवा लें?" काय सांगणार?

मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तपासलं. काहींना खरं औषध, काहींना दिसायला तसंच इंजेक्शन. कुणाला काय दिलं, हे रुग्णालाही ठाऊक नाही, देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. थायोसल्फेटमुळे सायनाइडचं थायोसायनेट होतं आणि ते लघवीतून जातं. ते मोजलं, तर वाढलेलं निघालं. फेब्रुवारी १९८५मध्ये परिषदेनं हे औषध देण्याच्या सूचना काढल्या. तरी वाद चालूच राहिला, आणि हजारो लोकांपर्यंत ते इंजेक्शन पोचलंच नाही.

सूनबाईला इतकंच विचारलं, "कुठलं विष? कशात मोजलं? न घेणाऱ्यांशी ताडून पाहिलं का?" बँकेत व्हाउचरशिवाय आम्ही नोंद करत नव्हतो.

डबा अजून तसाच आहे, सील न फोडलेला.