गड समोर, दार बंद

सिंहगड आपण भजी-पिठलं खायला चढतो. एनडीएचे कॅडेट मात्र तो धावत चढतात.

६ ऑक्टोबर १९४९ला नेहरूंनी खडकवासल्यात एनडीएची पायाभरणी केली. आज तिथे क्रॉस कंट्रीत १८ स्क्वॉड्रन एकमेकांना भिडतात, पीकॉक बेमध्ये शिडाच्या होड्या हाकतात. पण कित्येक दशकं हे सगळं फक्त मुलांसाठी! कारण दमाचं नव्हतं, नियमाचं होतं. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलींना प्रवेश परीक्षेला बसू द्या म्हटलं. २०२२मध्ये पहिली तुकडी आली. ३० मे २०२५ला १७ मुली पास आउट झाल्या.

मला विचाराल तर, चढ तोच होता. दार तेवढं उशिरा उघडलं.