डीएनएची प्रत : जुना धागा, नवा जोडीदार

जखम भरून येते, नखे वाढतात, रक्तातील जुन्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात. या सर्वांच्या मुळाशी पेशीविभाजन असते. एका पेशीच्या दोन पेशी होण्यापूर्वी तिच्या केंद्रकातील डीएनएची संपूर्ण प्रत तयार व्हावी लागते. मानवी पेशीत हा मजकूर ६०० कोटींहून अधिक अक्षरजोड्यांचा असतो. ही प्रत काही तासांत आणि जवळजवळ बिनचूक तयार होते. तसे झाले नाही, तर कर्करोगासारखे आजार उद्भवू शकतात.

धाग्यांची जोडी

डीएनएचे दोन धागे दुपेडी दोरीप्रमाणे एकमेकांभोवती गुंफलेले असतात. त्यांवर ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन ही चार रासायनिक 'अक्षरे' असतात. ॲडेनिनची जोडी थायमिनशी आणि ग्वानिनची सायटोसिनशी जमते. त्यामुळे एका धाग्यावरील क्रम ठाऊक असला की दुसऱ्यावरील आपोआप ठरतो. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये ही रचना मांडली. त्यासाठी रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा आधार मिळाला होता.

प्रत नेमकी कशी तयार होते, याचा पुरावा मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी १९५८ मध्ये दिला. त्यांनी 'ई. कोलाय' जीवाणू जड नायट्रोजनवर वाढवले आणि नंतर त्यांना साधा नायट्रोजन दिला. पहिल्या पिढीतील सर्व डीएनए मधल्या वजनाचा निघाला. दुसऱ्या पिढीत निम्मा मधल्या वजनाचा, तर निम्मा हलका होता. याचा अर्थ, प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो.

पीळ सोडवताना

दोन धाग्यांमधील हायड्रोजन बंध कमकुवत असतात. 'हेलिकेज' हे विकर ऊर्जा खर्च करून ते सोडवत पुढे सरकते. मात्र दोरीचे पेड मधूनच ओढून वेगळे केले, की पुढचा पीळ अधिकच घट्ट होतो. डीएनएचेही तसेच होते. हा ताण 'टोपोआयसोमरेज' विकर कमी करते. ते धागा क्षणभर कापते, पीळ सैल होऊ देते आणि धागा पुन्हा सांधते.

त्यानंतर 'पॉलिमरेज' विकर जुन्या धाग्यासमोर जोडीची अक्षरे बसवत जाते. हे विकर एकाच दिशेने काम करते आणि दोन धाग्यांच्या दिशा मात्र परस्परविरुद्ध असतात. परिणामी एका बाजूची प्रत सलग, तर दुसऱ्या बाजूची तुकड्या-तुकड्यांनी तयार होते. पुढे 'लायगेज' विकर हे तुकडे जोडते. जपानमधील रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने १९६० च्या दशकात ते शोधून काढले; म्हणून त्यांना 'ओकाझाकी तुकडे' म्हणतात.

जीवाणूत हे काम सेकंदाला सुमारे १,००० अक्षरांच्या, तर मानवी पेशीत सुमारे ५० अक्षरांच्या वेगाने चालते. मात्र मानवी पेशीत ते हजारो ठिकाणी सुरू होत असल्याने साधारण आठ तासांत उरकते.

चुकांची दुरुस्ती

पॉलिमरेजकडून सुमारे एक लाख अक्षरांमागे एक चूक होते. त्यातील बहुतेक चुका ते स्वतःच मागे येऊन सुधारते. उरलेल्या चुका दुसरी यंत्रणा हेरते आणि जुना धागा प्रमाण मानून नव्या धाग्यात दुरुस्ती करते. अखेरीस १०० कोटी अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक शिल्लक राहते. या यंत्रणेच्या उलगड्यासाठी पॉल मॉड्रिच यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या यंत्रणेत जन्मजात दोष असलेल्या व्यक्तींना 'लिंच सिंड्रोम' असतो आणि त्यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कितीतरी अधिक असतो. म्हणूनच कुटुंबातील अशा आजाराची माहिती डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे ठरते.

औषधांचा आधार

कर्करोगाच्या पेशी सतत विभाजित होतात. त्यामुळे डीएनएची प्रत रोखणे हा उपचाराचा एक मार्ग ठरला. मन्रो वॉल आणि नंदुरबार येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून 'कॅम्पटोथेसिन' हे द्रव्य वेगळे केले. टोपोआयसोमरेजने कापलेला धागा ते पुन्हा सांधू देत नाही. प्रत तयार करणारी यंत्रणा तेथे येऊन आदळली, की डीएनए तुटतो आणि पेशी मरते. सह्याद्रीत आढळणाऱ्या नरक्या या झाडातही हे द्रव्य असते. त्यापोटी या झाडाची बेसुमार तोडही झाली आहे.

कॅम्पटोथेसिनपासून बनवलेली इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधे आज वापरात आहेत. मात्र केसांच्या मुळांतील आणि अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही वेगाने विभाजित होत असतात व त्यांच्या डीएनएची प्रत याच पद्धतीने तयार होते. उपचारादरम्यान केस गळतात आणि रक्तपेशी घटतात, त्याचे कारण हेच आहे.