खिशाचं माप

सप्टेंबर 2016च्या सुरुवातीला बर्लिनच्या 'इफा' प्रदर्शनात सोनीनं एक नवा वॉकमन दाखवला. त्याचं नाव एनडब्ल्यू-डब्ल्यूएम1झेड. तांब्याची चौकट, तिच्यावर सोन्याचा मुलामा, किंमत 3,200 डॉलरच्या घरात आणि वजन 455 ग्रॅम. त्यानंतर काहीच दिवसांनी, 7 सप्टेंबरला, ॲपलनं आयफोन 7 जाहीर केला. त्यात हेडफोनची पिन घालायला जागाच नव्हती. त्याच्याबरोबर आले एअरपॉड्स, एका कानाला 4 ग्रॅम.

खिशातून गाणी ऐकायची, या एकाच गरजेला एकाच महिन्यात मिळालेली ही दोन उत्तरं. गंमत अशी की 1979 साली आलेला पहिला वॉकमन भरत होता सुमारे 390 ग्रॅम. म्हणजे 37 वर्षांत चिपा नखाएवढ्या झाल्या, कॅसेट गेली, मोटर गेली, फिरणारा एकही भाग उरला नाही, आणि तरी सर्वात महागडा वॉकमन पहिल्यापेक्षा जड निघाला.

हे कसं झालं ते कळायला एका लाकडी ठोकळ्यापासून सुरुवात करावी लागते.

अरुंद फीत

1960च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्स कंपनीत लू ओटेन्स नावाचे एक डच इंजिनिअर होते. तेव्हाचे टेपरेकॉर्डर म्हणजे दोन मोठ्या चकत्या आणि त्यांच्यात हातानं ओवायची फीत. ओटेन्सनी आपल्या कोटाच्या खिशात मावेल असा एक लाकडी ठोकळा कापून घेतला आणि यंत्र एवढंच हवं असं ठरवलं. आधी माप ठरलं, मग त्या मापात तंत्रज्ञान बसवलं गेलं. 1963 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात, म्हणजे आजच्या 'इफा'च्याच जुन्या अवतारात, कॅसेट लोकांसमोर आली. तो मूळ ठोकळा मात्र उरला नाही. गाडीचं पंक्चर झालेलं चाक बदलताना ओटेन्सनी तो जॅकखाली लावला आणि तो तिथेच गेला, असं सांगतात.

खिशात मावण्याची किंमत आवाजानं मोजली. चुंबकीय फितीचा हिशेब सरळ आहे. फीत जितकी रुंद आणि जितकी वेगानं धावणारी, तितके जास्त चुंबकीय कण दर सेकंदाला हेडखालून जातात आणि तितका आवाज स्वच्छ येतो. स्टुडिओतली फीत सेकंदाला 38 सेंटिमीटर धावायची, घरातली चांगली फीत 19. कॅसेटची फीत धावते 4.76 सेंटिमीटर. चकत्यांवरची फीत 6.35 मिलिमीटर रुंद असायची, कॅसेटमधली 3.81. त्या 3.81मध्येच दोन्ही बाजूंचे मिळून स्टीरिओचे चार पट्टे बसवायचे. परिणाम एकच: प्रत्येक गाण्यामागे सतत चालू असलेली 'सुऽऽस' अशी खरखर.

या खरखरीवर उतारा शोधला रे डॉल्बी यांनी. अमेरिकेचे हे इंजिनिअर 1963 ते 65 अशी दोन वर्षं युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. इथून ते लंडनला गेले आणि 1965 साली त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली. त्यांची कल्पना अशी: रेकॉर्ड करताना हळू आणि बारीक आवाज मुद्दाम उचलून ठेवायचे, वाजवताना तेवढेच खाली आणायचे. खाली आणताना फितीची खरखरही त्यांच्याबरोबर खाली जाते. घरगुती वापरासाठीची 'डॉल्बी बी' 1968 साली आली. फीत रुंद न करताच आवाज सुधारला. जागा नसेल तर हुशारी वापरायची, हा या साऱ्या इतिहासाचा पहिला धडा.

काय काढून टाकायचं?

सोनीचे सहसंस्थापक मासारू इबुका लांबच्या विमानप्रवासात टीसी-डी5 हा स्टीरिओ रेकॉर्डर सोबत नेत. आवाज उत्तम, पण वजन दीड किलोहून जास्त. हे फार जड होतं, काहीतरी हलकं करा, अशी त्यांची मागणी होती. कोझो ओहसोने यांच्या गटानं पत्रकारांसाठीचा 'प्रेसमन' हा छोटा मोनो रेकॉर्डर घेतला, त्यातला स्पीकर काढला, रेकॉर्डिंगचं सर्किट काढलं आणि मोकळ्या जागेत स्टीरिओ ॲम्प्लिफायर बसवला. रेकॉर्ड न करणारा टेपरेकॉर्डर कोण घेणार, असा प्रश्न कंपनीत अनेकांना पडला होता. अकिओ मोरितांनी तो बाजूला सारला. 1 जुलै 1979 रोजी टीपीएस-एल2 बाजारात आला, किंमत 33,000 येन. पहिल्या महिन्यात जेमतेम 3,000 खपले. ऑगस्ट संपेपर्यंत पहिले 30,000 संपले.

वॉकमनमागचं खरं भौतिकशास्त्र त्याच्या हेडफोनमध्ये आहे. खोली आवाजानं भरायची तर स्पीकरला काही वॉट लागतात, आणि वॉट म्हणजे बॅटरी, आणि बॅटरी म्हणजे वजन. कानाला टेकलेल्या पडद्याला मात्र काही मिलिवॉट पुरतात. तेव्हाचे हेडफोन 300 ते 400 ग्रॅमचे असत. सोनीच्याच दुसऱ्या एका गटानं तयार केलेला नवा हेडफोन होता 50 ग्रॅमच्या आसपास. तो नसता तर वॉकमन खिशात आणि ओझं डोक्यावर, अशी गत झाली असती.

इथून दोन वाटा फुटल्या. 1982 साली सोनीनं डब्ल्यूएम-डी6 हा 'प्रोफेशनल' वॉकमन काढला. त्यात रेकॉर्डिंग परत आलं, डॉल्बी आलं, आणि फितीचा वेग क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर बांधला गेला, म्हणजे सूर डळमळू नये. त्याला चार पेन्सिल सेल लागत. रेडिओचे वार्ताहर आणि मैफली टिपणारे हौशी लोक तो वापरत. 1983चा डब्ल्यूएम-20 याच्या अगदी उलट: एकच सेल, आणि आकार जवळपास कॅसेटच्या डबीएवढा. यापुढे 'सर्वांत चांगला' आणि 'सर्वांत छोटा' हे दोन वेगळे वॉकमन झाले. आपण आज 'हाय-एंड पोर्टेबल' म्हणतो ती जात इथे जन्मली.

दुसरा ठोकळा

1982 साली सीडी आली आणि वाटलं, आता भांडण मिटलं. खरखर नाही, सूर डळमळणं नाही. पण पहिला प्लेअर 1,68,000 येनचा आणि कपाटात ठेवायचा. ओहसोनेंनी पुन्हा लाकडाचा ठोकळा पुढे केला: साधारण 13 सेंटिमीटर चौरस, 4 सेंटिमीटर जाड, यात बसवा. नोव्हेंबर 1984मध्ये डी-50 आला, 49,800 येनला. चालत चालत ऐकायचं तर बॅटऱ्यांची वेगळी पेटी खांद्याला लावायची, आणि पाऊल जरा जोरात पडलं की लेझर रेघ चुकायचा आणि गाणं उडायचं.

यावरचा उपाय सॉफ्टवेअरवाल्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे: बफर. तबकडी गरजेपेक्षा वेगानं फिरवायची, पुढचं गाणं आधीच मेमरीत भरून ठेवायचं, धक्का बसला तर लेझर जागेवर येईपर्यंत मेमरीतलं वाजवायचं. पण सीडी सेकंदाला 14,11,200 बिट ओतते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीची 4 मेगाबिटची चिप तीन सेकंदांत भरायची. ही सेकंदं वाढवायला पुढे काही प्लेअर बफरमध्ये भरतानाच आवाज दाबू लागले. धक्क्यापासून संरक्षण हवं की पूर्ण आवाज, हे ठरवणारं बटण अशा प्लेअरवर असायचं. एवढी प्रामाणिक बटणं नंतरच्या यंत्रांवर फारशी दिसत नाहीत.

सोनीच्या मिनीडिस्कनं 1992 साली हीच तडजोड कायमची केली. 64 मिलिमीटरच्या तबकडीत सीडीएवढा वेळ बसवण्यासाठी आवाजातला डेटा सुमारे पाचपट आवळला.

कानाची उणीव

आवळायचा म्हणजे काय टाकायचं? जे कानाला ऐकूच येत नाही ते. तबल्याची जोरदार थाप पडते त्या क्षणी तिच्याच आसपासच्या पट्टीतला एखादा क्षीण आवाज कानापर्यंत पोहोचत नाही, मग तो साठवायचा कशाला? जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी या तत्त्वावर वर्षानुवर्षं काम करत होते. त्यांना सर्वांत जास्त छळलं ते सुझान व्हेगाच्या 'टॉम्स डायनर'नं. त्या गाण्यात वाद्यंच नाहीत, नुसता आवाज. चूक लपवायला आडोसाच नाही. त्या गळ्यानं एमपी3ला वळण लावलं.

1998 साली आलेल्या रिओ पीएमपी300मध्ये 32 मेगाबाइट मेमरी होती. सीडीच्या दर्जाचं संगीत त्यात तीनच मिनिटं मावलं असतं. 128 केबीपीएसच्या एमपी3नं तेच अर्ध्या तासावर नेलं. तीन वर्षांनी, 23 ऑक्टोबर 2001 रोजी, आयपॉड आला: 1.8 इंची हार्ड डिस्क, 5 जीबी, हजार गाणी, 185 ग्रॅम. डिस्क सतत फिरली तर बॅटरी संपेल, म्हणून 20 मिनिटांचं संगीत एकदम मेमरीत ओढायचं आणि डिस्कला झोपवायचं. त्या बफरचं माप होतं 32 मेगाबाइट. तीन वर्षांपूर्वी जो अख्खा प्लेअर होता, तो आता नुसता बफर झाला होता.

त्याच 2001 साली फ्लॅक नावाचा फॉरमॅटही आला. तो एकही बिट न गमावता फाइल साधारण निम्मी करतो. तेव्हा खिशात तेवढीही जागा नव्हती. दहा वर्षांनी होती.

पुन्हा जड

2012 साली कोरियाच्या आयरिव्हर कंपनीनं ॲस्टेल अँड कर्न हे नाव घेऊन एके100 आणला. 24 बिट, 192 किलोहर्ट्झच्या फाइली वाजवणारा, तळहातात मावणारा. पण त्याच्या आउटपुटचा रोध होता 22 ओहम. कानात बसणाऱ्या अनेक चांगल्या इअरफोनचा स्वतःचा रोध प्रत्येक पट्टीला वेगळा असतो. अशा वेळी प्लेअरचा रोध मोठा असला की कुठल्या पट्टीला किती जोर मिळेल हे बदलतं. म्हणजे फाइल कितीही निर्मळ असली तरी शेवटच्या तारेत आवाजाला रंग चढतो. पुढच्या आवृत्तीत हा आकडा 3 ओहमवर आला. नील यंगच्या 'पोनो'नं 2014 साली किकस्टार्टरवर 62 लाख डॉलर जमवले. त्याचा आकार त्रिकोणी वडीसारखा होता, आतल्या सर्किटला जागा मिळावी म्हणून. खिशाला तो टोचायचा. तीनेक वर्षांत पोनो संपला.

मग तो 455 ग्रॅमचा वॉकमन. त्याचाच जुळा भाऊ डब्ल्यूएम1ए, ॲल्युमिनियमचा, 267 ग्रॅमचा, 1,200 डॉलरच्या आसपास. आतली मुख्य ॲम्प्लिफायर चिप तीच. काही सुटे भाग आणि तारा वेगळ्या, पण वजनातला फरक मुख्यतः धातूचा. तांब्याचा विद्युतरोध कमी, म्हणून सर्किटची 'जमीन' जास्त स्थिर, असं त्यामागचं तर्कशास्त्र.

ते कानाला कळतं का? धातूचं सोडा, जास्त बिटांच्या फाइलींबद्दल मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. मेयर आणि मोरान यांनी 2007 साली 554 वेळा लोकांना हाय-रेझोल्यूशन आवाज आणि तोच आवाज सीडीच्या मापातून गाळून ऐकवला. बरोबर उत्तरं आली 49.8 टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. 2016 साली जोशुआ राइस यांनी अशा 18 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा आकडा आला 52.3 टक्के. फरक आहे, पण केसाएवढा. सराव दिलेल्या श्रोत्यांत तो वाढतो.

याउलट बाहेरचा गोंगाट सगळ्यांनाच कळतो. इबुकांप्रमाणे अमर बोसही विमानातच वैतागले होते. 1978 साली युरोपहून बोस्टनला जाताना इंजिनाच्या घरघरीत त्यांना संगीत धड ऐकू येईना, आणि त्याच प्रवासात त्यांनी गोंगाट कापणाऱ्या हेडफोनचं गणित मांडायला घेतलं. एकाला वजन छळत होतं, दुसऱ्याला आवाज. गर्दीच्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला यातलं कुठलं उत्तर जास्त उपयोगी पडतं, हे सांगायला चाचणी लागत नाही.

आजची फीत

आता फोनच्या मेमरीत सीडीच्या दर्जाची हजारो गाणी मावतात. 2021पासून ॲपल म्युझिक जादा पैसे न घेता पूर्ण दर्जाचं संगीत देतं. अडतं ते शेवटच्या हातभर अंतरात. सीडीला सेकंदाला 1,411 किलोबिट लागतात, ब्लूटूथवरून एअरपॉड्सना मिळतात 256च्या आसपास, आणि सोनीचा एलडीएसी जास्तीत जास्त 990 देतो. ओटेन्सची अरुंद फीत आज हवेत आहे, एवढाच फरक. तिच्यावरचा उताराही डॉल्बींचाच: जागा नाही तिथे हुशारी.

म्हणून महागडा प्लेअर घ्यायचा विचार असेल तर पैसे या क्रमानं खर्च करणं शहाणपणाचं: आधी कानात नीट बसणारा इअरफोन, मग गोंगाट अडवण्याची सोय, मग तार, आणि तांबं सगळ्यात शेवटी. मेसेज न येणारं, फोन न वाजणारं, फक्त गाणी वाजवणारं यंत्र हवं असेल तर तेही जरूर घ्यावं. ते कारण खरं आहे. पण ते कारण आवाजाचं नाही.

लू ओटेन्स 2021 साली, 94व्या वर्षी गेले. त्याआधी काही वर्षं जगभर कॅसेटची हौस परत आली होती आणि लोक त्यांना तिच्याबद्दल विचारत. त्यांना तिचं फारसं अप्रूप नव्हतं. पुढे फिलिप्समध्ये सीडीच्या जडणघडणीतही त्यांचा हात होता, आणि आवाजाच्या बाबतीत सीडीला तोड नाही असं ते स्पष्ट सांगत. कॅसेट त्यांनी खिशासाठी केली होती. तिच्यामुळे आवाजाचं काय गेलं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.