जॉर्ज शिमा : नागरिकत्व नाकारलेला ‘बटाट्याचा राजा’

जॉर्ज शिमा (मूळ नाव उशिजिमा किंजी) हे अमेरिकेत गेलेल्या पहिल्या पिढीतील जपानी शेतकरी. या पिढीला जपानीत ‘इस्सेई’ म्हणतात. शिमा यांचा जन्म १८६४ सालचा, फुकुओका प्रांतातील कुरुमे येथला. १८८९ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला आले. आधी घरगडी, मग शेतमजूर, पुढे जपानी मजूर पुरवणारे मुकादम आणि शेवटी खंडाने जमीन कसणारे शेतकरी, असा त्यांचा प्रवास झाला.

त्यांनी निवडलेली जमीन कुणाला नको होती. सॅक्रॅमेंटो आणि सॅन होआकिन या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशातील बेटे म्हणजे लव्हाळ्यांनी भरलेली दलदल. एका पुरात बांध फुटला की वर्षाची मेहनत पाण्यात. पण कुजलेल्या वनस्पतींची तिथली काळी, भुसभुशीत माती बटाट्याला मानवणारी होती. बांध घालायचा, चर खणायचे, पंपाने पाणी उपसायचे, मग लागवड. १९१२ च्या सुमारास त्यांच्याकडे सुमारे १० हजार एकर बटाटा होता आणि वर्तमानपत्रे त्यांना ‘बटाट्याचा राजा’ म्हणू लागली होती. मात्र चिखलात उभे राहून हे काम शेकडो मजुरांनी केले, त्यांची नावे कुठल्याच बातमीत नाहीत. यशोगाथा वाचताना हे विसरू नये.

पैसा आला, तरी वस्तीत जागा मिळेना. १९०९ मध्ये शिमा यांनी बर्कलेच्या उच्चभ्रू भागात घर घेतले, तेव्हा एका प्राध्यापकाच्या पुढाकाराने शेजाऱ्यांनी विरोध केला. भाड्याची खोली पाहायला गेल्यावर ज्यांना आधी आडनाव विचारले गेले आहे, त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. शिमा तिथून हलले नाहीत.

खरा घाव कायद्याने घातला. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या परकीय जमीन कायद्यात ‘जपानी’ हा शब्दच नव्हता. ‘नागरिकत्वास अपात्र परकीय’ शेतजमीन विकत घेऊ शकत नाहीत आणि खंडाने घेतली तर जास्तीत जास्त तीन वर्षे, एवढेच त्यात होते. नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळू शकत होते, त्यामुळे अपात्र कोण हे उघड होते. १९२० च्या दुरुस्तीने खंडही बंद केला. जपानी असोसिएशन ऑफ अमेरिकाचे अध्यक्ष म्हणून शिमा या कायद्यांविरुद्ध लढले, पण कायदे थांबले नाहीत.

कुणाचे नाव न घेता बाहेर ठेवण्याची ही रीत आपल्याकडेही होती. पंजाबच्या १९०० च्या जमीन हस्तांतरण कायद्याने ‘शेतकरी जमाती’ ठरवल्या आणि त्या यादीबाहेरच्या अस्पृश्यांना जमीन घेणे अशक्य केले. बाबासाहेबांनी यावर बोट ठेवले होते.

आणखी एक धागा आपल्यापर्यंत येतो. नोव्हेंबर १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना ते कॉकेशियन नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले. तीन महिन्यांनी भगतसिंग थिंड यांचा खटला आला. ते शीख होते, पण त्यांची बाजू मांडताना उच्चजातीय, शुद्ध आर्य रक्ताचा हिंदू, म्हणून गोरा, असा दावा केला गेला. म्हणजे वर्णभेदातून सुटण्यासाठी जातीचा दाखला! न्यायालयाने तोही फेटाळला. हरलेले दोघेही आशियाई, पण एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर पाय ठेवून पाहिला.

या काळात जपानी शेतमजुरांना आधार होता तो बौद्ध विहारांचा. १८९९ मध्ये जोदो शिन्शू पंथाचे दोन भिक्खू सॅन फ्रान्सिस्कोला आले. शिमा यांच्या शेतीच्या परिसरातील स्टॉकटन शहरात १९०६ मध्ये विहार उभा राहिला.

शिमा १९२६ मध्ये लॉस एंजेलिस येथे वारले, तेव्हा ते कायद्याने परकीयच होते. जपानी स्थलांतरितांना नागरिकत्वाचा हक्क १९५२ मध्ये मिळाला. जमीन कायदा कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९५६ मध्ये रद्द केला.