हिरव्या पाण्याची गोष्ट



मागच्या वर्षी नातवाच्या हट्टापायी आमच्या घरी माशांची काचपेटी आली. मी ती हौसेनं पूर्वेच्या खिडकीत ठेवली. म्हटलं, आतल्या झाडांना ऊन मिळेल. पंधरा दिवसांत काच आतून हिरवी झाली आणि पाणी मुगाच्या कढणासारखं दिसायला लागलं. वैतागून मी पेटी आतल्या अंधाऱ्या खोलीत हलवली. शेवाळ कमी झालं, पण झाडांचे देठ लांबून फिकट पडले, खालची पानं गळून कुजली. एका पहाटे नातू म्हणाला, "आजी, मासे सारखे वर येऊन तोंड का उघडतायत?" त्या दिवशी दोन मासे गेले.

चूक माझीच होती. पाण्यातल्या झाडाला उजेड लागतो हे ठाऊक होतं, पण किती, ते ठाऊक नव्हतं. माणसाला हे कळायलाही बराच काळ लागला. आज तीच गोष्ट सांगते.

यान इंगेनहाउझ नावाचा एक डच डॉक्टर होता. देवी टोचण्यासाठी त्याची ख्याती होती. 1779 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये त्यानं हिरवी पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली. पानांवर बुडबुडे आले. अंधारात नेली, बुडबुडे थांबले. नुसत्या उबेनं काही होत नव्हतं, उजेडच हवा होता. त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली, ती म्हणजे झाडं अंधारात हवा शुद्ध करत नाहीत, उलट खराब करतात. आमचे मासे पहाटे वर का आले, याचं उत्तर यातच आहे. झाडं रात्रभर पाण्यातला प्राणवायू वापरत होती, कुजलेली पानंही तोच खात होती, आणि दिवसा भर घालायला उजेड नव्हता.

पुढची गोष्ट एका बाईची आहे. 1846 साली ॲना थिन यांनी समुद्रकाठचे प्रवाळ लंडनच्या घरी आणले. ते जगावेत म्हणून घरची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास समुद्राचं पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. पुढच्या वर्षी थिनबाईंनी त्यात समुद्री वनस्पती सोडल्या. मोलकरणीच्या हातांचं काम उजेडातली झाडं करू लागली. 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोडे मासे, व्हॅलिस्नेरिया आणि गोगलगायी एकत्र ठेवून हाच मेळ नीट मांडला. आजची काचपेटी तिथून आली.

आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिलाचे बुडबुडे मोजणारं यंत्र बनवलं आणि 1924 साली त्यावर पुस्तक लिहिलं. शाळेत काचेचं नरसाळं नि परीक्षानळी लावून आपण पाहिलेला प्रयोग त्याच हायड्रिलाचा. दिवा जवळ आणला की बुडबुडे भराभर येतात, लांब नेला की मंदावतात. पण काही मर्यादेनंतर उजेड कितीही वाढवला तरी झाडाची गती वाढत नाही. मग उरलेल्या उजेडाचा फायदा शेवाळ घेतं. त्याला मूळ नको, देठ नको, उजेड आणि पाण्यातलं थोडं खत मिळालं की पुरे.

आता आपल्या गावात या. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी वसवली आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणलं. पाणचक्कीलाही हर्सूलच्या बाजूनं मातीच्या नळांतून पाणी येतं. हे पाणी मैलोगणिक अंधारात वाहतं, आणि अंधारात शेवाळ वाढत नाही. तेच पाणी भिंतीवरून उघड्या हौदात पडलं की उन्हाला सापडतं. म्हणून हौद अनेकदा हिरवट दिसतो. नहरीत आणि हौदात पाणी एकच, फरक उजेडाचा.

हे मी आज का सांगते? आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. तोवर ते पिंपात, टाकीत, कॅनमध्ये साठवायचं कामही बहुतेक घरांत आपल्याच वाट्याला येतं. गॅलरीत ठेवलेला पांढरा, आरपार दिसणारा कॅन हिरवा होतो आणि शेजारची काळी टाकी स्वच्छ राहते, ते याचमुळे. कष्टानं भरलेलं पाणी शेवाळामुळे ओतून द्यावं लागलं की जीव तुटतो. पांढऱ्या कॅनवर जाड गोणपाट किंवा काळं कापड घाला, झाकण घट्ट लावा. डासांची अंडीही मग आत जाणार नाहीत.

आणि काचपेटी? आता ती खिडकीपासून दूर, भिंतीशी आहे. वर छोटा दिवा आहे, तो रोज सात-आठ तासच लावते. पिवळं पान दिसलं की लगेच काढते. झाडं गर्द आहेत, काच स्वच्छ आहे. नातू रोज दुपारी नाक टेकवून पानांवरचे बुडबुडे मोजतो. इंगेनहाउझनं पाहिले, तेच ते बुडबुडे.