रोलप्ले गेममध्ये 'खेळाडू' आणि 'पात्र' वेगळे का मानतात? आयसी-ओओसीचा नियम नेमका काय आहे?

जीटीए रोलप्लेची एखादी क्लिप फीडवर येते. पोलिसाचं पात्र एका चोराला पकडतं, गाडी जप्त करतं, दोघं एकमेकांचा यथेच्छ उद्धार करतात. तीस सेकंदांत क्लिप संपते. खाली कमेंट्समध्ये मात्र पोलिसाची भूमिका करणाऱ्या मुलाला खऱ्या नावाने शिव्या पडत असतात. त्याच वेळी तो मुलगा आणि तो 'चोर' डिस्कॉर्डवर त्याच सीनवर हसत बसलेले असण्याची शक्यता बरीच असते.

निळू फुले यांना पडद्यावरच्या खलनायकीपायी खऱ्या आयुष्यात लोकांचा राग झेलावा लागला, हे महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. पण सिनेमात निदान संवाद लेखकाने लिहिलेले असतात आणि शेवट आधी ठरलेला असतो. रोलप्लेमध्ये तसं काहीच नसतं. खेळाडू आपलं पात्र स्वतः घडवतो, त्याच्या तोंडी काय घालायचं ते त्याच क्षणी ठरवतो, आणि समोरच्या पात्रामागेही एक जिवंत माणूस तेच करत असतो. त्यामुळे पात्र कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो, ही रेषा आपोआप आखली जात नाही. ती सगळ्यांनी मिळून ठरवावी आणि पाळावी लागते. या समूहांचे बहुतेक नियम या एका रेषेभोवती फिरतात.

आयसी आणि ओओसी म्हणजे काय?

आयसी म्हणजे 'इन कॅरॅक्टर', पात्र म्हणून केलेलं किंवा बोललेलं. ओओसी म्हणजे 'आउट ऑफ कॅरॅक्टर', खेळाडू म्हणून बोललेलं. मजकुरावर चालणाऱ्या रोलप्लेमध्ये ओओसी वाक्य दुहेरी कंसात लिहायची पद्धत आहे. 'जेवायला जातोय, दहा मिनिटांत येतो' हे वाक्य कंसात असेल तर खेळाडूला भूक लागली आहे, कंसाबाहेर असेल तर पात्राला.

आवाजावर चालणाऱ्या सर्व्हरवर कंस टाकता येत नाही, म्हणून तिथे वेगळीच भाषा तयार झाली आहे. गेम क्रॅश झाला तर 'डोकं फुटलं', लॅग होत असेल तर 'डोकं दुखतंय', लॉग आउट व्हायचं असेल तर 'झोपायला जातो'. सर्व्हर रीस्टार्ट होणार असेल तर 'शहरात वादळ येतंय'. नव्या प्रेक्षकाला हे ऐकून गंमत वाटते, पण हेतू साधा आहे: सीन चालू असताना त्यातून बाहेर न पडता कामाची गोष्ट सांगायची.

टेबलावरून स्क्रीनवर

रोलप्लेइंग गेमचा आजचा साचा १९७४ मध्ये आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून सुरू होतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा हा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. मित्राच्या पात्राने तुमच्या पात्राला दगा दिला तरी मित्राचा चेहरा समोर दिसे, तो हसतोय की खरंच चिडलाय ते कळे. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा गेम सुरू केला आणि चेहरा गायब झाला. उरले ते फक्त शब्द. चेहरा सांगत होता ते आता नियमांना सांगावं लागतं.

रेषा दोन्ही बाजूंनी ओलांडली जाते

खेळाडूला माहीत असलेली गोष्ट पात्राने वापरली, तर त्याला मेटागेमिंग म्हणतात. समजा, एका स्ट्रीमरने माल कुठे लपवला ते तुम्ही यूट्यूबवर पाहिलं आणि तुमचं पात्र थेट तिथे जाऊन पोहोचलं. तुमच्या पात्राला ते कळायचा काही मार्ग नव्हता, म्हणजे ही चोरी नाही, फसवणूक आहे. अनेक सर्व्हरवर 'न्यू लाइफ रूल' असतो तोही याच कारणासाठी. पात्र मरून पुन्हा जिवंत झालं की आपल्याला कोणी मारलं हे ते विसरलेलं असतं. खेळाडूला आठवत असतं, पण बदला घ्यायला जायचं नाही.

दुसरा प्रकार पॉवरगेमिंगचा. यात एक खेळाडू दुसऱ्याच्या पात्राचं काय झालं ते परस्पर ठरवून टाकतो. 'मी त्याचे हात बांधतो' असं लिहिणं चूक आणि 'मी त्याचे हात बांधायचा प्रयत्न करतो' असं लिहिणं बरोबर मानलं जातं. फरक दोन शब्दांचा दिसतो, पण त्या दोन शब्दांत समोरच्याला उत्तर द्यायची जागा आहे. तुमच्या पात्रावर ताबा तुमचाच, हा या खेळाचा सगळ्यात जुना करार.

तिसऱ्या प्रकाराला 'ब्लीड' म्हणतात. अमेरिकी गेम डिझायनर एमिली केअर बॉस यांनी २००७ मध्ये हा शब्द वापरात आणला. ओल्या कपड्याचा रंग शेजारच्या कपड्याला लागावा, तशा पात्राच्या भावना खेळाडूला लागतात आणि खेळाडूच्या पात्राला. ऑफिसात बोलणी खाऊन आलेल्या माणसाचं पात्र त्या रात्री उगाच गोळ्या झाडत सुटतं. पात्राचा ब्रेकअप झाला तर खेळाडूला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. यात कोणाची लबाडी नसते. त्याच २००७ मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांना उंच अवतार दिला होता ते लोक पैशांच्या वाटाघाटीत बुटका अवतार मिळालेल्यांपेक्षा जास्त ताठर वागले. नुसती उंची बदलून वागणं बदलत असेल, तर महिनोन्‌महिने जगलेलं पात्र अजिबात लागणार नाही असं मानणं भाबडेपणाचं आहे.

'ते मी नव्हतो, माझं पात्र होतं'

रेषेचा सगळ्यात वाईट वापर म्हणजे हे वाक्य. त्याची कसोटी फार लवकर लागली, १९९३ मध्ये, लॅम्डामू नावाच्या मजकुरी जगात.

लॅम्डामू हे झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये सुरू केलं होतं. एक मोठं घर, त्यात खोल्या, आणि जगभरातून लॉग इन होणारी माणसं. एका रात्री दिवाणखान्यात 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्राने 'व्हूडू बाहुली' नावाचा छोटा प्रोग्राम वापरला. त्याने दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावावर वाक्यं उमटवता येत. त्या पात्रांवर लैंगिक अत्याचार होत असल्याची आणि ती स्वतःला इजा करत असल्याची वाक्यं सगळ्यांसमोर स्क्रीनवर येत राहिली. पात्रं ज्यांची होती त्यांनी यातला एक शब्दही लिहिला नव्हता. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी डिसेंबर १९९३ मध्ये 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात ही घटना लिहिली. त्यातल्या एक पीडित बाई सिॲटलमध्ये राहत होत्या. या प्रकाराबद्दल इतरांना लिहून सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, असं त्यांनी डिबेल यांना सांगितलं.

कोणाच्या अंगाला हात लागला नव्हता. मग नुकसान कोणाचं झालं, पात्राचं की माणसाचं? यावर लॅम्डामूच्या रहिवाशांनी त्याच जगात सभा भरवली. बंगल स्वतः येऊन गेला, पण त्याला पश्चात्ताप झालेला दिसला नाही. सभा निर्णयाविना संपली. शेवटी 'विझार्ड', म्हणजे आजच्या भाषेत ॲडमिन, असलेल्या एकाने एकट्यानेच ते पात्र कायमचं पुसून टाकलं. पुढे कर्टिस यांनी रहिवाशांना अर्ज करून मतदान घेता येईल अशी व्यवस्था आणली.

हत्यार इथे ओळखीचं आहे. दुसऱ्याच्या पात्राचा ताबा त्याच्या संमतीविना घेणं, म्हणजे पॉवरगेमिंगच, त्याच्या सगळ्यात क्रूर रूपात. क्रूर पात्र रंगवायला या समूहांची हरकत नसते. गुंड, ठग, भ्रष्ट पोलीस नसतील तर कथाच घडणार नाही. हरकत असते ती समोरच्या खेळाडूला 'नाही' म्हणायची वाट न ठेवण्याला.

ती वाट मोकळी राहावी म्हणून आता अनेक ठिकाणी साधनं आहेत. टेबलावरच्या खेळांत जॉन स्टॅव्हरोपोलस यांचं 'एक्स-कार्ड' प्रसिद्ध आहे. फुली काढलेलं एक कार्ड मधोमध ठेवायचं. कोणीही त्याला हात लावला की सीन तिथून वळवायचा, कारण विचारायचं नाही. ऑनलाइन सर्व्हरवर लैंगिक अत्याचाराचा रोलप्ले बंदच असणं किंवा छळासारख्या सीनआधी समोरच्याची ओओसी संमती घेणं, असे नियम सर्रास दिसतात.

प्रेक्षक आला आणि घोळ वाढला

२०१३ मध्ये आलेल्या जीटीए फाइव्हवर 'फाइव्हएम'सारख्या मॉडमुळे रोलप्लेची शहरं उभी राहिली आणि ती ट्विच-यूट्यूबवर थेट दिसू लागली. भारतातही हिंदी स्ट्रीमर्समुळे हा प्रकार घराघरांतल्या मोबाइलवर पोहोचला. २०२३ मध्ये तर फाइव्हएम चालवणारा गट खुद्द रॉकस्टार गेम्सनेच आपल्याकडे घेतला.

सर्व्हरमध्ये शिरताना खेळाडू नियम वाचतो, काही ठिकाणी मुलाखतही देतो. प्रेक्षकाने असा कुठलाच करार केलेला नसतो. तो एकाच बाजूचा स्ट्रीम पाहतो, त्या पात्रावर जीव लावतो, आणि त्याच्या पात्राला कोणी फसवलं की दुसऱ्या स्ट्रीमरच्या चॅटमध्ये जाऊन शिव्या देतो, नाहीतर आपल्या आवडत्याला आतली बातमी पुरवतो. दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक, कारण ती कानावर पडली की स्ट्रीमरला न ऐकल्यासारखं वागावं लागतं.

आजच्या सर्व्हरवर शिक्षाही दोन वेगळ्या रांगांत दिली जाते. पात्राने बँक लुटली तर पात्राला तुरुंग, फार झालं तर 'सीके', म्हणजे पात्राचा कायमचा मृत्यू, आणि खेळाडू दुसऱ्या दिवशी नवं पात्र घेऊन येऊ शकतो. खेळाडूने नियम मोडला तर त्याच्या अकाउंटवरच बंदी येते, मग पात्र कितीही सज्जन असो. तक्रार करणाऱ्याने सीन पूर्ण होऊ द्यायचा, क्लिप जपून ठेवायची आणि नंतर स्टाफकडे द्यायची, ही रीत.

लॅम्डामूमध्ये या दोन रांगा नव्हत्या. तिथे पात्र पुसलं गेलं, पण ते चालवणारा काही काळाने परत आला. नव्या पात्राचं नाव होतं 'डॉक्टर जेस्ट'.