खारीच्या भाताची भाकर

आमच्या घरात कुठे लांब जायचं म्हटलं की पहिली तयारी चुलीपाशी व्हायची, कपड्यांची पिशवी मागाहून भरायची. बेलापूरच्या खाडीकाठचं आमचं आगरी गाव. बाप मिठागरावर जावो, उरणच्या मावशीकडे जाऊन मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जावो, नाहीतर चैत्रात सगळं घर एकवीरेला कार्ल्याला निघो, फडक्यात बांधलेला माल तोच असायचा. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, एक कांदा, आणि वर चिमूटभर खडेमीठ.

ही भाकर साधी दिसते, पण तिच्यात अक्कल आहे. पाण्याला आधण आलं की मीठ टाकून त्यात पीठ सोडायचं, झाकण ठेवून वाफ द्यायची आणि हात पोळत असतानाच मळायचं. उकड नीट निघाली तर भाकर संध्याकाळपर्यंत मऊ राहते. थंड पाण्यात भिजवलेल्या पिठाची भाकर दुपारीच कडेने तडकते. सुकट आधी कोरडी भाजायची, सुपात घोळून तिचे काटे-मिशा काढायच्या. मग तेलात भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, घरचा मसाला, आणि कैरीच्या दिवसांत कैरी, एरवी चिंच. पाणी थेंबभरही नाही. घरी खायची असेल तर वरून नारळ चालतो, वाटेसाठी नाही. आजी आईला बजावायची, "खोबरा घालू नको गो बाय, दुपारला आंबल." आंबट, तिखट, खारट आणि कोरडं, एवढ्यावर ती चटणी दोन दिवस टिकायची. फ्रिज हा शब्दही आमच्याकडे तेव्हा कुणी ऐकला नव्हता.

मला हे सगळं लिहावंसं वाटतं ते चवीसाठी नाही. त्या फडक्यातली एकही वस्तू पैसे मोजून आणलेली नसे, त्यासाठी. (मिरची आणि तेल सोडून, हे आईने वाचलं तर ती मला टोकेल.) भात आमच्या खारीतला. भरतीचं पाणी अडवायला मातीचे बांध घातलेले, त्यांना उघाड्या बसवलेल्या. पावसाने जमिनीतला खार धुतला की त्यात राता पेरायचा. राता म्हणजे खारं पाणी सोसणारा लाल तांदूळ. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे खारजमिनीसाठी सुधारलेली वाणं काढली, पण आमच्या आज्या-पणज्यांनी राता केव्हाच पारखून ठेवला होता. त्याच शेतात पावसाळ्यात निवट्या आणि चिंबोऱ्या मिळत, तळ्यात जिताडा वाढे. सुकट खाडीची. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागण्याआधी ती वाळवून डब्यात भरायची, ती नारळी पुनवेपर्यंत पुरवायची. मीठ तर काय, आगरातच राबायचो आम्ही. आगरी हे नावच आगरावरून पडलं असं म्हणतात.

१७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. १९७३ साली ठाणे खाडीवरचा पूल झाला आणि मुंबई एकदम जवळ आली. आमच्या पट्टीतली शेतं त्या दहा वर्षांत गेली. बांधांकडे कुणी बघेना, उघाड्या कुजल्या, शेतात भरती शिरली आणि नंतर वर भराव पडला. मोबदल्याचे पैसे आले त्यातून घराला कौलाऐवजी स्लॅब पडला, दोन लग्नं झाली, आणि तिसऱ्या वर्षी आई पिशवी घेऊन तांदळाच्या दुकानात उभी राहिली.

त्या तांदळाची भाकर काही केल्या जमेना. आईने पाणी वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं. थापताना कडा फाटायच्या, खापरीवरून उचलताना तुकडे पडायचे. बाप नव्या कारखान्यात हंगामी कामाला लागला होता, तो डब्यात पाव नेऊ लागला. आजीला भाकरीचं एवढं दुःख झालं नाही जेवढं मिठाचं. मी एकदा पुडीतलं बारीक मीठ आणलं तेव्हा ती हातातलं काम टाकून बघत राहिली. "मीठ इकत आनलास? इकत?" दोनदा विचारलं, आणि दिवसभर बोलली नाही.

उरणकडची जमीन मात्र अजून लोकांच्या हातात होती. १९८४ च्या जानेवारीत तिथे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. मागणी योग्य मोबदल्याची होती आणि घेतलेल्या जमिनीत वाट्याची. आमचं जे जायचं ते गेलं होतं, तरी बाप म्हणाला, "आपला गेला म्हनून त्यांचापन जाव द्यायचा?" तो आदल्या दिवशीच जासईजवळ मावशीकडे मुक्कामाला गेला. मावशीच्या कणगीत नुकताच झोडलेला नवा भात होता. तिने पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, आमच्या आईने पाठवलेली सुकट आत घातली, आणि बापाबरोबर शेजारच्या चौघांची शिदोरी बांधून दिली.

१६ आणि १७ जानेवारीला जासई आणि नवघर इथे गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले. त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं, हे आज सगळे सांगतात.

बाप तिसऱ्या दिवशी घरी आला. फडकं तसंच बांधलेलं होतं, गाठही सुटली नव्हती. आईने ते सोडलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. भाकऱ्या वाळल्या होत्या पण एकीचीही कड तुटली नव्हती, आणि चटणीला वास नव्हता. कुणी हात लावेना. शेवटी आजीने एक भाकर मोडली, पाण्याचा हात लावून खापरीवर गरम केली आणि बापापुढे ठेवली. तो म्हणाला, "नको." ती म्हणाली, "भात आपला हाय. खा." त्याने खाल्ली.

मावशीची शेतं पुढे बंदराच्या कामांत आणि गोदामांत गेली. तिच्या मुलांना साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, त्यावर चार मजली इमारत आहे. मावशी तळमजल्यावर राहते आणि गच्चीवर जवळा वाळवते, त्यावरून भाडेकरूंशी तिचं दर उन्हाळ्यात भांडण होतं.

यंदा चैत्रात एकवीरेला निघालो तेव्हा पेणकडच्या एका ओळखीच्याकडून पाच किलो राता मिळाला. बायकोने पीठ दळून आणलं, पण उकड काढायला आईलाच बसवलं. आईचे हात आता थरथरतात. सकाळी सहाला निघालो, गड उतरून खाली बसेस्तोवर दोन वाजले. माझ्या नातवाने फडकं सोडलं, भाकर दोन्ही हातांनी दुमडून पाहिली आणि विचारलं, "ही तुटत का नाही?"

आई म्हणाली, "खारीतली हाय."

"खारी म्हणजे चहाबरोबर खातो ती?"

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या भाकरीवर सुकट वाढली.